खुराड्याची जाळी

"हळू बोला शिश्टर, ऐकत्यात ती," असं म्हणत मावशी ओठांवर बोट ठेवायच्या आणि डोळ्यांनी भिंतीकडं खूण करायच्या. ती म्हणजे उंदरं. पिंजरा, औषध, बिळं बुजवणं, यातला एकही शब्द त्या घरात मोठ्यानं काढायची सोय नव्हती. उंदरांच्या कानावर गेलं तर ती डूख धरतात आणि नेमकं ठेवणीतलं लुगडं कुरतडतात, अशी त्यांची खात्री होती. मी सरकारी नर्स, मला खणखणीत बोलायची सवय. पण त्यांच्या उंबऱ्याच्या आत मीसुद्धा कुजबुजायला लागले आणि पिंजऱ्याला 'ते' म्हणायला शिकले.

येरमाळ्याजवळच्या एका गावात मी उपकेंद्रावर होते. कळंबहून स्कूटीवर ये-जा करायची. मावशींच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, लकवा झाला होता, उजवी बाजू गेलेली, त्यात साखर. पायांना काही म्हणजे काही कळत नसे. मी टाचणी टोचून विचारायची, "दुखतंय का?" ते छताकडं बघत म्हणायचे, "टोचा की मग." अशा पायाला जखम झाली आणि ती चिघळली तर पाय कापावा लागतो, हे मी मावशींना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हापासून रोज दिवस उगवला की त्या चष्मा लावून मालकांचे तळवे बघायच्या.

मालकांच्या उशाशी पितळेची वाटी आणि चमचा असायचा. चमचा वाजला की मावशींनी हातातलं टाकून यायचं. पाणी हवं म्हणून वाजे, माशी बसली म्हणून वाजे, कधी उगाच, मावशी आहेत ना हे बघायला वाजे. त्यांचं माहेर नळदुर्गकडं. तिकडं जाऊन किती वर्षं झाली असं विचारलं की त्या बोटं मोजायला लागायच्या आणि मध्येच सोडून द्यायच्या.

परसात मात्र जाता येई. तिथं चौदा गावरान कोंबड्या होत्या. मावशी तिथं बसल्या की वेगळ्याच दिसत. खुडूक बसलेल्या कोंबडीला रागवत, तुऱ्यावाल्या कोंबड्याची नक्कल करत, आणि चमचा वाजला तरी आणखी मिनिटभर बसत. "इथं आलं की जरा घराबाहेर पडल्यागत वाटतंय," त्या म्हणायच्या. घराचं मागचं दार आणि खुराडं यांत बारा पावलं होती.

तुम्ही कोंबड्या पाळल्या नसतील तर एक सांगते. कोंबड्यांना कणी टाकली की उंदरांनाही आवतण जातं. मावशींनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? दाणा मूठमूठ टाकायच्या, कोंबड्यांनी वेचला की लगेच झाडून घ्यायच्या. दाण्याच्या डब्यावर पाटा ठेवायच्या. खुराडं विटांवर उचललं होतं आणि चारी बाजूंनी, अगदी तळालाही, जाळी ठोकली होती. बिळांत काचा घालून वरून सिमेंट लिंपलं होतं. तरी अंडी जात, पिल्लं जात.

"मांजर पाळा की," मी एकदा म्हटलं, अर्थात कुजबुजत.

"पिल्लं कोण खाईल मग?"

"औषध ठेवा."

"औषध खाऊन उंदीर मरतंय, मेलेलं उंदीर कोंबडी टोचती. आन् 'त्या'च्यात एक घावतंय, बाकीची शानी व्हत्यात." मग त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "लई बेस कोंडलंय बघा मला उंदरांनी."

एका सकाळी गेले तर मावशी दारातच उभ्या होत्या. मालकांच्या उजव्या अंगठ्याचं टोक उंदरानं कुरतडलं होतं. चादरीला रक्त, आणि मालकांना पत्ताच नाही. ते आपले चहाची वाट बघत होते.

मी जखम धुतली, पट्टी बांधली आणि मग भडकलेच. "कोंबड्या काढून टाका मावशी! तुमच्या कोंबड्यांपायी उंदीर येतात. पाय जाईल यांचा!" चांगली ओरडले. मावशींनी ओठांवर बोट ठेवलं नाही. त्या मागच्या दाराकडं बघत राहिल्या. नुसतं म्हणाल्या, "समद्या?"

"सगळ्या."

दुसऱ्या दिवशी हायवेवरचा ढाबेवाला आला आणि पाय बांधून चौदाच्या चौदा घेऊन गेला. मावशी तेव्हा मालकांना भरवत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत, असं शेजारीण सांगत होती. मला वाटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

पंधरा दिवस झाले नाहीत तोच दुसरा पाय कुरतडला. टाच, आणि पहिल्यापेक्षा खोल.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परसात दाणा होता तोवर उंदीर परसात होते. दाणा बंद झाला आणि सगळी फौज घरात शिरली. आधी उंदीर काढायचे आणि मग कोंबड्या, इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मावशींना ती ठाऊक असणार. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. पण मी सरकारी, मी शिकलेली, आणि मी ओरडले होते. मी टाचेला पट्टी बांधली. मावशी एकदाही म्हणाल्या नाहीत की तुम्हीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या खेपेला गेले तर पलंगाच्या पायथ्याशी वेगळंच काही दिसलं. मावशींनी रिकामं खुराडं मोडून त्याची जाळी वाकवली होती आणि मालकांच्या दोन्ही पायांवर तिची पेटी केली होती. कडा कुठं टोचू नयेत म्हणून चिंध्या शिवल्या होत्या.

मालक वाकड्या तोंडानं हसले. "बगा शिश्टर, मला खुराड्यात घातलं हिनं."

"तुमचे पायच हायती की आत," मावशी जाळी नीट करत म्हणाल्या. "म्या अख्खी हाय."

मालकांचं हसू तिथंच थांबलं. त्या दिवशी मी होते तोवर चमचा वाजला नाही.

नंतर मावशींनी मांजर आणलं. आता खायला पिल्लं नव्हती. उंदीर हटले, जखमा भरल्या. दीड वर्षानं मालक गेले ते दोन्ही पायांनी धड गेले. लोक म्हणाले, सिस्टरनं पाय वाचवले. मी मान हलवायची आणि विषय बदलायची.

महिना उलटल्यावर मी कळंबच्या बाजारातून एक तलंग, अंड्यावर आलेली कोवळी कोंबडी, घेतली, पिशवीत घातली आणि मावशींकडं गेले. त्यांनी तिला अलगद मांडीवर घेतलं, पंख उचलून पाहिले, पोटाखाली हात घातला. कितीतरी दिवसांनी तो परसातला चेहरा मला दिसला.

"गुणाची हाय. आठ दिसात अंडं दील," त्या म्हणाल्या आणि कोंबडी परत पिशवीत ठेवली. "घिऊन जावा."

"का? मांजराचं म्हणत असाल तर मांजर मी नेते."

"मांजराचं न्हाय शिश्टर. हिला सांजच्याला कोंडाया घरी यावं लागंल. मला आता कुणासाठी बी घरी यायचं न्हाय."

 पिशवी हँडलला अडकवून मी स्कूटी ढकलत निघाले, तर मावशी बरोबर चालायला लागल्या. दार सताड उघडं टाकून. हायवेपर्यंत आल्या. दिवस मावळायला आला होता, ट्रकमागून ट्रक जात होते.

"कुठं जायचंय? सोडू का?" मी विचारलं.

"कुठं न्हाय," त्या म्हणाल्या. "हुबी ऱ्हाते जरा."

वळणावरून मी मागं पाहिलं. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडं त्या मान वर करून बघत होत्या आणि गाडी निघून गेली की पुढचीकडं. हात मात्र एकदाही वर झाला नाही.