समोर कोण बसणार

माझा मुलगा पायलट आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्या चपलांकडे बघतात आणि मग विचारतात, कुठल्या विमान कंपनीत? मी सांगतो, कंपनी नाही, डोंगर आहे. कामशेतजवळच्या धारेवरून हिवाळ्यात रंगीत छत्र्या उडतात, त्यांतली एक तो उडवतो. गिऱ्हाईक पुढे, तो मागे, दोघं एकाच छत्रीला टांगलेले. वाऱ्यावर फिरत फिरत खाली भाताच्या रिकाम्या खाचरात उतरतात. त्या धंद्यात त्यालाही पायलटच म्हणतात. ऐकणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो. माझा उतरत नाही, कारण तो तिथवर कसा पोचला ते मी पाहिलं आहे.

मी स्वतः घाटात रेल्वेचं इंजिन चालवलं, निवृत्त होईपर्यंत. ड्युटीवर चढण्याआधी मशीनमध्ये फुंकायचं, मगच इंजिनाला हात लावायचा. दारू मला कधी आवडलीच नाही, तेव्हा त्यात माझी काही थोरवी नव्हती. मिरवायचो मात्र. आणि माझ्याच घरात दिव्याखाली अंधार.

आमचं घर वलवणला. पोरगा बंगल्यांवर उतरणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या चालवायचा. शनिवार-रविवार पाहुणे प्यायचे आणि माणुसकी म्हणून ड्रायव्हरलाही पाजायचे. मग तो त्यांच्याशिवायही प्यायला लागला. एकदा नाकाबंदीत सापडला. वडगावच्या कोर्टात वकिलाने सांगितलं, उगाच लढू नका, कबूल करून टाका, दंड भरा, संध्याकाळी घरी. आमच्याकडे कोर्ट म्हणजे आज्यापासून नातवापर्यंत चालणारी जमिनीची भांडणं. एका दिवसात सुटका म्हटल्यावर सगळ्यांना नवस फळल्यासारखं झालं. येताना स्टँडजवळ थांबून सगळ्यांनी मिसळ खाल्ली. गुन्हा शाबित झाला, म्हणजे आपल्या माणसाला कोर्टाने गुन्हेगार ठरवलं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दंड भरला, विषय संपला.

विषय कसला संपतोय. सासुरवाडीच्या जत्रेहून पिऊन परतताना त्याची मोटारसायकल ओढ्यावरच्या मोरीला धडकली. टाकीवर माझी नात, मागे सून. नातीला खरचटलं, सुनेचं मनगट मोडलं. पुन्हा वडगाव, पुन्हा तोच वकील, पुन्हा कबुली. या वेळी दंड झाला, लायसन्स गेलं आणि वर कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायची शिक्षा. शिपाई खिडक्या लावेपर्यंत तो बाकावर बसून होता. शेजारी एक म्हातारी तिच्या तारखेसाठी आली होती. त्याला कुणाचा तरी साक्षीदार समजून तिने शेंगदाणे दिले. ते त्याने खाल्ले नाहीत, खिशात ठेवले, आणि घरी आल्यावर ते खिशातून काढताना तो रडला. त्याला रडताना मी लहानपणानंतर प्रथमच पाहिलं. मला दया आली नाही, खरं सांगतो. राग आला.

सून हाताला प्लॅस्टर घालून, पोरीला घेऊन आंदर मावळात माहेरी गेली. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. जाताना माझ्या पाया पडली आणि देवघरातली फुलं बदलून गेली. माझी बायको त्याआधीच वारली होती. घरात आम्ही दोन बाप्ये उरलो, आणि दोघांनाही भाकरी थापता येत नव्हती.

लायसन्स नाही म्हणजे ड्रायव्हरचं कामही नाही. कुणीतरी सांगितलं, कामशेतच्या डोंगरावर ओझी वाहायला माणूस पाहिजे. छत्रीची पिशवी पाठीवर घ्यायची, धारेवर न्यायची, उतरलेली छत्री घडी घालून पुन्हा वर. तिथले मुख्य शिकवणारे फौजेतून आलेले गृहस्थ होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्याकडेही फुंकायचं मशीन होतं. उडणाऱ्याने तर फुंकायचंच, पण ओझी वाहणाऱ्यानेसुद्धा. बाप ज्या मशीनवर, त्याच मशीनवर पोरगा आला. त्या सकाळपासून तो प्यायला नाही. लोक विचारतात, कुणाचं औषध, कुठला महाराज? मला ठाऊक नाही. संध्याकाळी घरी आला की पाय दुखतात म्हणायचा आणि जेवता जेवता डुलक्या घ्यायचा. एवढंच मी पाहिलं.

पुढे मास्तरांनी त्याला शिकवायला घेतलं. त्याने स्वतः जाऊन त्यांना सांगितलं होतं, मला दोनदा शिक्षा झालीय, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल. मास्तर म्हणाले, मावळात राहतो मी, मला काय माहीत नाही? एकटा उडायला तो लवकर शिकला. वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी फुगली की ह्याची छातीही फुगायची. मी म्हणायचो, डोंगरावरून उडी मारायला अक्कल लागते की नसावी लागते, तेवढं एकदा सांग. तो हसायचा. किती दिवसांनी हसला होता.

गिऱ्हाईक पुढे बांधून उडायचं, ही मात्र वेगळी परवानगी. आणि तिथे एक रीत आहे. नवा पायलट पैसे देणाऱ्या पाहुण्याला बांधण्याआधी स्वतःच्या घरचं माणूस समोर बसवतो. बहुतेक पोरं आईला आणतात. नऊवारी लुगड्याचा कासोटा घट्ट करून, डोक्यावर हेल्मेट घालून त्या मावश्या धारेवरून पळतात, आणि वर गेल्यावर खालच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पोराला सूचना करतात. उतरल्यावर नारळ फुटतो, पेढे वाटतात. मास्तरांचं म्हणणं एवढंच, की ज्यांनी तुला पाहिलंय त्यांचा आधी भरवसा बसू दे, मग परक्याचा.

माझा मुलगा तिथे अडकला. समोर कोण बसणार? आई नाही. मी तयार होतो, पण माझ्या छातीत डॉक्टरांनी स्प्रिंग बसवलेली, मास्तरांनी हात जोडले. त्याचा एक चुलत भाऊ उत्साहाने पुढे आला, पण तो स्वतःच दिवेलागणीनंतर सरळ चालत नाही. मास्तर म्हणाले, याचा भरवसा काय कामाचा? मग माझ्या मुलाकडे वळून ते जरा हळू बोलले, "हे बघ, तुझ्या बाबतीत मला त्या माणसाचा होकार पाहिजे जे तुझ्या गाडीवर मागं बसलं होतं. ते बसलं तर कुणीबी बसंल."

मला ते जरा जास्तच वाटलं. एवढं तंतोतंत कुणाचं मोजू नये. पण रात्री जेवताना पोरगा म्हणाला, "आबा, बरोबर हाय त्यांचं."

तो स्वतः जाऊन विचारणार नव्हता. मीच गेलो. कान्हे फाट्यावरून टाकव्याची एसटी, तिथून जीप, पुढे चालत. सून शेतातून आली, हात धुतले, चहा टाकला. मनगट जरा वाकडंच जुळलं होतं, चहाचं भांडं ती दुसऱ्या हाताने उचलायची. मी सगळं सांगितलं. तो पीत नाही, हेही सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"आबा, तुमी आलाय म्हणून न्हाई म्हनवत न्हाई," ती म्हणाली. "पन व्हय बी म्हनवत न्हाई."

मी परत आलो. पोराला म्हटलं, विचार करते म्हणाली. त्याने त्यावर किती इमले बांधले असतील देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून घराची साफसफाई निघाली. मोरी घासली, पोरीच्या खोलीला आकाशी रंग दिला, गादी उन्हात टाकली. मी म्हटलं, अरे, बाजारात तुरी. पण तो ऐकण्याच्या पलीकडे गेला होता, आणि मलाही त्याला थांबवावंसं वाटेना.

ती आली. निरोप न देता, नातीचा हात धरून, थेट डोंगरावर. मी त्या दिवशी वर नसतो तर पुढच्या गोष्टीवर माझा विश्वास बसला नसता. दुपार कलली होती, वारा समोरून होता, पाहुणे फोटो काढत होते. पोरगा छत्री पसरत होता. मान वर करून त्याने तिला पाहिलं आणि हातातल्या दोऱ्या तशाच धरून उभा राहिला. तिने सलवारीची नाडी पुन्हा घट्ट बांधली, ओढणी नातीकडे दिली आणि मास्तरांना विचारलं, "कुटं उभं ऱ्हायाचं?"

त्यांनी तिला पट्टे बांधले. वाकडं मनगट पट्ट्यातून नीट जाईना, तेव्हा पोराने हात पुढे केला आणि मागे घेतला. ते काम मास्तरांनी केलं. सगळं बांधून झालं, छत्री उचलायची वेळ आली. तेवढ्यात ती मान वळवून मागे त्याच्याकडे बघत म्हणाली, "तोंड उघडा."

आजूबाजूच्या पाहुण्यांना काही कळलं नाही. मला कळलं. लग्नानंतर वर्षानुवर्षं ती संध्याकाळी दारात उभी राहून हेच म्हणायची, आणि तो कधी हसण्यावारी न्यायचा, कधी हात उगारायचा. तासाभरापूर्वी त्याने मशीनमध्ये फुंकलं होतं, मास्तरांनी आकडा पाहिला होता. तो हे सांगू शकला असता. त्याने सांगितलं नाही. हेल्मेटचा पट्टा सोडला, पुढे वाकला आणि सगळ्या लोकांसमोर तोंड उघडलं. तिने नाक जवळ नेऊन वास घेतला, घाई न करता. मग तोंड फिरवून समोर दरीकडे बघितलं आणि म्हणाली, "चला."

नात म्हणाली, आजोबा, ते गेले.

गेले होते. खालून पवनेकडून येणारा वारा त्यांना उचलून धारेच्या वर घेऊन गेला. तो सूचना देत असावा, ती एक पाय हलवत होती. बराच वेळ फिरले. त्याने छत्री एकदाही जोरात वळवली नाही. पाहुण्यांना मजा यावी म्हणून बाकीची पोरं गरगर फिरवतात, तसं काही नाही. इतकं सावकाश की शेजारचा पायलट म्हणाला, काका, तुमचा पोरगा नवरीची वरात काढतोय.

आम्ही जीपने खाली पोचलो तोवर ते खाचरात उतरले होते. मास्तर नारळ घेऊन उभे. पोरीने बापाच्या पायाला मिठी मारली. तो हसत होता आणि रडत होता, दोन्ही एकदम, आणि छत्रीची घडी सारखी चुकत होती. सून पट्टे सोडून बांधावर माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिने नारळाचा तुकडा घेतला, पण खाल्ला नाही.

"घरी चल पोरी," मी म्हटलं. "शेजारणीला फोन करून पुरणपोळ्या करायला सांगितल्यात."

"आबा, बसले मी. त्यांचं काम अडाया नको म्हनून बसले." ती हळू बोलत होती, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "वर मला भ्या वाटलं न्हाई. लय नीट उडवत्यात. पन घरात वाटतं. अजूनबी. संध्याकाळ झाली की वाटतं, आनि आता तर माहेरी ते घरात नसत्यात तरी वाटतं. ते भ्या कसं जायाचं?"

मी जन्मभर सिग्नल बघून गाडी चालवलेला माणूस. हिरवा म्हणजे हिरवा. तो पीत नाही, म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चाललो होतो. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कान्हे फाट्याकडे जाणारी जीप सुटायला आली होती. तिने पोरीला हाक मारली. पोरगी बापाकडून सुटायला तयार नव्हती, पण आईची हाक ओळखून आली.

पोरगा पिशवी पाठीवर घेऊन बांधावर पोचला तेव्हा जीप वळणावर दिसत होती. तो तिच्याकडे बघत राहिला. पिशवी खाली ठेवायचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

"गेली?"

"शेवटची एसटी चुकली असती," मी म्हटलं.

"काय म्हनाली, आबा?"

त्याच्या तोंडाकडे मी बघितलं. संध्याकाळ होत होती. कामशेतच्या रस्त्यावर दारूच्या दुकानाच्या पाटीचे दिवे लागले असणार, हेही मनात येऊन गेलं. बापाच्या मनात काय काय येतं, ते पोरांना कळू नये.

"म्हणाली, भ्या वाटलं नाही. लय नीट उडवतोस."

त्याने मान हलवली. परत विचारलं, परत सांगितलं. घरी येऊन आम्ही दोघांनी चौघांच्या पुरणपोळ्यांतल्या जमतील तेवढ्या खाल्ल्या आणि उरलेल्या शेजारच्या पोरांना दिल्या. त्या रात्री तो आकाशी रंगाच्या खोलीत झोपला.

याला आता बरेच दिवस झाले. तो रोज उडतो, रोज फुंकतो, पीत नाही. सून माहेरीच आहे. महिन्यातून एकदा तो नातीला भेटून येतो, अंगणातच बसतो. मीही हल्ली जीपने डोंगरावर जाऊन बसतो. आणि धारेवर एखादं गिऱ्हाईक घाबरून पाय मागे घेऊ लागलं, की तो त्याला सांगतो, "पयल्यांदा माजी बायको बसली हितं. भ्या वाटलं न्हाई म्हनाली. इचारा आमच्या आबांना." गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं आणि मी हो म्हणतो.