सहावा दोना

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या कुडवा गावात सगळ्यांना माहीत आहे. मी शिकवते त्या शाळेत मुलं घाबरतात, घरी नवरा घाबरतो, आणि भाजीवाला तर मला पाहून आधीच भाव उतरवतो. पण गेल्या वर्षी दीड महिना मी या तोंडाला कुलूप लावून बसले होते. त्याची लाज मला आजही वाटते.

गणपतीच्या दिवसांत माझी नणंद बालाघाटकडच्या आपल्या सासरहून एकटीच आली. हातात एक बॅग, आणि डाव्या मनगटाला प्लास्टर. "न्हाणीत घसरली," एवढंच म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "सांभाळून चालावं न बाई." नवऱ्यानं विचारलं, "डॉक्टर चांगला होता का?" आणि मी चहा ठेवला. झालं, संपला विषय. तिचा नवरा तिच्यावर हात उचलतो हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. याआधी दोनदा ती अशीच आली होती, आणि दोन्ही वेळा सासूबाईंनी समजूत घालून, नवी साडी देऊन तिला परत धाडलं होतं. पण ते नाव घेऊन बोललं कोणीच नाही.

आणि आमचं घर म्हणजे देवाधर्माचं घर! संध्याकाळी सातला दिवा लागला की जो जिथं असेल तिथून उठून देवापुढं यायचं, हा नियम मीच घालून दिलेला. मोबाइल बाहेर ठेवायचे. दिवसभरात कोणी काही खोटं बोललं असेल तर ते तिथं सांगून टाकायचं, मग आरती. माझी नऊ वर्षांची पोरगी बिचारी इमानदारीनं सांगते, "आई, डब्यातली कारल्याची भाजी मी गायीला टाकली." आणि तिच्या शेजारी आम्ही मोठी माणसं हात जोडून, डोळे मिटून, गप्प. तिची आत्याही गप्प.

आता हेही सांगून टाकते, की नणंदेचा मला रागही येत होता. घर दोन खोल्यांचं आणि एक देवघर. ती माझे डबे हलवायची, वरणात मीठ जास्त टाकायची, माझ्या पोरीला माझ्याविरुद्ध लाडावून ठेवायची. एका दुपारी अंगणात मी नवऱ्याला म्हटलं, "अजून किती दिवस राहून राहिली ही?" भिंतीपलीकडं ती एका हातानं कपडे वाळत घालत होती. मला चिमट्याचा आवाज ऐकू आला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून ती पोळी अर्धीच घ्यायला लागली. मी एकदाही म्हटलं नाही, अगं पोटभर जेव.

दसरा झाला तसे शेजारच्या मुर्री गावाहून काकाजी आले. म्हणजे माझे चुलत सासरे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेल्यापासून आमच्या भावकीत त्यांचाच शब्द चालतो. खाटेवर बसून ते म्हणाले, "शुक्रवारी नवं खाऊन घ्या. शनिवारी पाव्हने येऊन राहिले, तिले घेऊन जातील. मी बोललो जवायासंग फोनवर. आता नाही मारनार म्हनते."

आता नाही मारणार म्हणते! बाजारात बैल विकताना सांगावं, आता शिंग नाही मारत, तसं. दीड महिना जे कोणी बोललं नव्हतं ते काकाजी असं सुपारी कातरता कातरता बोलून गेले. नणंद खाली बसून तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा निवडायला लागली. आणि आम्ही कोणीच म्हटलं नाही, की थांबा.

नवं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमचे पूर्वज माळव्यातून आले, असं मोठी माणसं सांगतात, आणि येताना घरचा देव सोबत आणला. आमच्या देवघरात सगळीकडं टाइल्स लावल्या, पण देवाचा कोपरा तेवढा मातीचाच ठेवला आहे. हलका, म्हणजे लवकर येणारा, धान निसवून पिकला की त्याच्या पहिल्या लोंब्या आणून, घरीच कांडून, त्या नव्या तांदळाची गुळाची खीर करायची आणि आधी देवाला दाखवायची. पळसाच्या पानांच्या दोन्यांत, म्हणजे द्रोणांत, ती वाढतात. पूजेला बसलेली भावकीची जेवढी माणसं तेवढे दोने. पूजा करणारा एकेका दोन्याला हात लावून देवाला सांगतो, हा कोणाचा. ज्याचा दोना मांडला तो या देवाचा माणूस. ज्याचा नाही मांडला तो पाहुणा. लग्न झालेली लेक पाहुणी. ती देवघराचा उंबरा ओलांडत नाही आणि ही खीर खात नाही. आली असेल तर तिच्यासाठी जुन्या तांदळाचं वेगळं रांधायचं आणि बाहेर वाढायचं.

गुरुवारी संध्याकाळी मी गूळ फोडत होते. नणंद दाराशी येऊन उभी राहिली.

"वहिनी, उद्या मी कुठं जेवू?"

"कुठं म्हणजे? व्हरांड्यात. आई तुझं वेगळं रांधतील न."

"हाव," ती म्हणाली. "लग्नाआधी माझा दोना संपला की मी दादाचाही पळवायची." आणि हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली असेल. मग आत जाऊन तिनं आपली बॅग काढली आणि एका हातानं साड्यांच्या घड्या घालायला लागली. मला गूळ फोडता येईना. वरवंटा हातात घेऊन मी तशीच बसून राहिले.

शुक्रवारी सकाळी मी उपाशीपोटी, ओल्या केसांनी खीर रांधली. काकाजी चटईवर बसले. नवरा देवाच्या कोपऱ्यासमोर. सासूबाई भिंतीला टेकून, पोरगी त्यांच्या मांडीशी. नणंद उंबऱ्याबाहेर उभी. निखाऱ्यावर धूप टाकला. तो निखारा जिवंत आहे तोवर नैवेद्य झाला पाहिजे, अशी आमच्याकडची रीत. मी दोने मांडले. पाच. मग सहावा मांडला. हात आपोआप गेला वगैरे मी म्हणणार नाही. चांगला विचार करून मांडला. फक्त जिचा मांडला तिलाच विचारलं नव्हतं.

नवऱ्यानं सुरुवात केली. "हा आईचा. हा काकाजींचा. हा माझा. हा हिचा. हा पोरीचा." आणि बोट थांबलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं नाही.

"हा कोनाचा?" काकाजींनी विचारलं.

मग ते माझ्याकडं वळले.

"सूनबाई, उचल तो."

"नाही उचलत, काकाजी."

"काऊन?" त्यांचा आवाज चढला. "तुले समजते का तू काय करून राहिली? एकदा लेक देली का ते तिकडच्या देवाची. हे खाल्लं का तिकडच्या देवघरात तिले पाय ठेवता येत नाही. ते लोकं नेनार नाहीत मंग. उद्या नाही अन् कधीच नाही. घर मोडून राहिली तू तिचं, एका दोन्यापायी!"

"कोणतं घर, काकाजी?" माझं कुलूप तुटलं ते तुटलंच. "हात मोडला तिचा त्या घरात. न्हाणीत नाही पडली ते. मले मालूम आहे, तुमाले मालूम आहे, या देवाले मालूम आहे. मी परक्या घरची पोर, लग्नाला चार महिने नव्हते झाले तेव्हा माझा दोना मांडला इथं. अन् जे याच घरात रांगली ते बाहेर उभी! उद्या तिले काही झालं त कोनत्या तोंडानं दिवा लावू मी?"

"तोंड सांभाळ!"

"दीड महिना सांभाळलं न जी!"

पोरगी रडायला लागली. नवऱ्याचं बोट अजून त्या दोन्यावर अधांतरी होतं. मला वाटलं, हा माणूस आता दोना बाजूला सारणार. आजवर काकाजींचा शब्द त्यानं खाली पडू दिला नव्हता. निखाऱ्यावर राख धरत चालली होती. हे सगळं उलटलं तर ते नणंदेच्या अंगावर उलटणार होतं, माझ्या नाही. ती शनिवारी जाणार, आणि आम्ही काय बोललो ते काकाजींकडून तिकडं आधीच पोचलेलं असणार.

तेव्हा सासूबाई बोलल्या. भिंतीकडं पाहत बोलल्या. "तिले विचारा. आजवर तिले कोनीच नाही विचारलं. मीबी नाही."

सगळे उंबऱ्याकडं वळले. नणंद चौकट धरून उभी होती. तिनं देवाकडं पाहिलं नाही, भावाकडं नाही, आईकडं नाही. माझ्याकडं पाहिलं.

"वहिनी, तुम्ही ठेवाल मले? त्या दिवशी अंगनात तुम्ही बोलल्या, ते मी ऐकलं होतं."

देवापुढं, सगळ्यांसमोर. मला त्या मातीच्या कोपऱ्यात गाडून घ्यावंसं वाटलं. मी पुण्य करायला निघाले होते, आणि तिला भीती माझीच होती! गोड काहीतरी बोलता आलं असतं. पण त्या जागी खोटं बोलायचं नाही, हे मीच शिकवलेलं.

"भांडीन," मी म्हटलं. "रोज भांडीन तुझ्यासंग. मिठावरून भांडीन, डब्यावरून भांडीन. पण ठेवीन. या देवासमोर सांगून राहिली."

नवऱ्यानं सहाव्या दोन्यावर बोट टेकवलं. "हा माझ्या बहिणीचा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की काकाजींना ऐकू आला की नाही कोण जाणे. देवाला आला असेल.

नणंद उंबरा ओलांडून आत आली आणि माझ्या पोरीशेजारी बसली. खीर खाताना तिला ठसका लागला, तेव्हा सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती जेवून उठेपर्यंत काढला नाही. काकाजींनी आपला दोना संपवला, कारण देवाचं टाकता येत नाही. मग हात धुऊन चप्पल घातली. "उद्या मी नाही येत. तुमचं तुम्ही पाहा," असं म्हणून गाडीला किक मारून निघून गेले.

शनिवारी अकरा वाजता पाहुणे येऊन व्हरांड्यात बसले. तिचा सासरा आणि त्याचा मोठा भाऊ. तिचा नवरा काही आला नव्हता. नणंद देवघराशेजारच्या खोलीत पलंगावर बसून होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. त्यांना सुनवायला वीस वाक्यं मी पहाटेपासून जुळवून ठेवली होती.

"बहू को तैयार कर दो, शाम से पहले पहुँचना है," मोठा भाऊ पाणी पिता पिता म्हणाला.

सासूबाईंनी पदर सावरला. "ते काल आमच्या देवापुढचं नवं जेवली."

दोघेही आमच्यातलेच. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. सासऱ्यानं हातातला पेला खाली ठेवला. "आमाले न विचारता?"

"हाव. तिले विचारलं."

"असं? बोलवा बाहेर तिले." त्याचा आवाज असा होता की मी पुढं सरकले. नणंद आता उठणार नाही, असं मला वाटलं. आठ वर्षं त्या आवाजासमोर ती खाली मान घालून उभी राहिली होती. मी पहिलं वाक्य तोंडात आणलं, तेवढ्यात ती माझ्या बाजूनं पुढं गेली. डोक्यावर पदर नव्हता. विसरली नव्हती, खांद्यावर नीट पिन लावून चापून बसवला होता. सासऱ्यासमोर उघड्या डोक्यानं ती आयुष्यात पहिल्यांदा आली असेल.

कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची तिनं एका हातानं ओढली आणि त्या दोघांच्या बरोबर समोर ठेवून बसली. माझी वीसही वाक्यं मी गिळली.

"बोला," ती म्हणाली. "काय विचारायचं ते मले विचारा."