ज्वारी सडवायचा ठराव

आता हे सांगावं का न सांगावं, माझंच मला कळंना! पण तुमी चहा मागवलाय म्हणल्यावर माघार कशाची? ऐका. फक्त आमच्या मायसमोर हा विषय काढू नका.

दुष्काळाचं साल होतं. लिंबागणेशला आमच्या शिवारात पेरायपुरती बी ओल नव्हती. मग आमी रिकामी पोरं काय करणार? मोबाईलात शेती! एक गेम होता. सगळे दोस्त आपापल्या घरून एकाच गावात उतरायचे, पेरायचे, कापायचे, धान्य साठवायचे. तिथं पाऊस कसा, अगदी वेळच्या वेळी! बघूनच गार वाटायचं.

आता आमी पडलो बीडचे. चार डोकी जमली की सोसायटी काढणार, अन् पाचवं आलं की दोन पॅनल पाडणार. गेमात बी सोसायटी काढली. मी चेअरमन! विरोधात धारूरचा सूर्या, माझा कॉलेजातला दोस्त. त्या पठ्ठ्यानं इतकी ज्वारी साठवली होती की शेत करायचंच सोडून दिलं. नुसता बसून राहायचा अन् नव्या पोरांना भाकरीवर राबवायचा.

माझं टाळकं सरकलं. साठवलेलं धान्य सडू द्यायचं का न्हाई, याचं गेमात एक बटण होतं. मी फोनवरच सर्वसाधारण सभा बोलावली.

"सडलंच पाहिजे!" मी गरजलो. "साठेबाजी किती दिवस चालायची?"

"दत्त्या, बीडचाच हायस ना बे?" सूर्या म्हणाला. "दुष्काळात धान्य सडवायला निघालास? काळीज हाय का धोंडा?"

"सडायला लागलं तरच माणूस पेरंल अन् वाटून खाईल! आयतं बसून कसली आलीय मजा?"

पोरं खूश. मंजूर, मंजूर! पण सूर्या लई बेरकी. "मान्य," म्हणाला. "मग आता सगळ्यांची ज्वारी एकाच गोदामात ठेवू. अन् रोज तिला ऊन दाखवायचं काम चेअरमनचं. चुकलास तर खुर्ची खाली!"

"त्यात काय एवढं!" मी म्हणालो. चेअरमन म्हणलं की आपल्याला पुढचं काही ऐकूच येत न्हाई हो!

एकदा मी अंबाजोगाईला पाव्हण्यांकडं गेलतो, अन् ऊन दाखवायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी येऊन गेम उघडला तर वरची पोती काळी पडलेली! दुपारच्या आत ऊन दाखवलं तरच बाकीची वाचणार. पोरांची समदी मेहनत त्या गोदामात. मी बोंबललो, "मेलो! समदी ज्वारी सडायला लागली!"

चुलीपाशी माय भाकरी थापत होती. तिनं पीठ तसंच टाकलं अन् कोठीकडं धावली.

"अगं माय, ती न्हाई, ती..."

"गप! वर्षाचं खाणं हाय ते! उचल पोतं, माळवदावर उन्हात घाल!" माझ्या हातातला मोबाईल तिनं हिसकला, फडताळात टाकला अन् कडी लावली.

शेजारची काकू डोकावली. "कावून ओ, काय झालं?"

"आमची ज्वारी सडली!"

झालं! त्या वर्षी अर्ध्या गावानं सोसायटीच्या गोदामातनंच ज्वारी आणलेली, एकाच थप्पीतली. दत्ताची सडली म्हणजे आपली बी गेली! गल्लीनं कोठ्या उपसल्या. खऱ्या सोसायटीचे चेअरमन आप्पा धोतर सावरत आले अन् त्यांनी गोदामच उघडलं. दुपारपर्यंत गावात एक माळवद मोकळं राहिलं असंल तर शपथ! शेळ्यांची तर नुसती दिवाळी!

मी खरं सांगणारच होतो. देवाशप्पथ! तेवढ्यात आप्पांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असं ध्यान पाहिजे पोराचं! औंदा ह्याला संचालक करू."

आता तुमीच सांगा, यानंतर कुणाचं तोंड उघडंल? मी छाती फुगवून म्हणालो, "गावासाठी एवढं करावंच लागतं, आप्पा."

मग काय, संचालकसाहेब दिवसभर पोती वाहत होते! कंबर कामातनं गेली. दिवस मावळायला मायनं ज्वारीत हात फिरवला. "एक दाणा खराब न्हाई! देवानंच सुचवलं तुला!"

मी फडताळाकडं पळालो. गेम उघडला. गोदामात नुसता काळा लगदा, अन् वर माश्या! गेमातल्या बोलायच्या लाईनवर पोरं माझ्या घरच्यांचा उद्धार करत होती, अन् सूर्या माझ्या अविश्वासाच्या ठरावावर मतं मागत होता. हो हो, समद्यांनी हो म्हणलं. मला रडूच फुटलं.

माय आली. "काय झालं रे?"

आता लपवून काय करू? समदं सांगून टाकलं, ठराव कुणाचा तेवढं सोडून. मला वाटलं, आता चिमटा बसतोय पाठीत! पण तिनं मोबाईल हातात घेतला, डोळ्याजवळ धरला, ती काळी पोती बघितली अन् कपाळावर हात मारला.

"अरं देवा, एवढी ज्वारी! दुष्काळात धान्य सडवायचा ठराव मांडला तरी कुण्या गाढवानं?"

लाईन चालूच होती. सूर्याचा आवाज आला, "काकू, मोबाईल जरा बाजूला करा. म्होरंच बसलंय बघा!"