डबा कुणाचा?
स्वयंपाकघरातून ठेच्याचा ठसका आला की मला पहिल्या नोकरीतलं, आयटी कंपनीचं कॅन्टीन आठवतं. मायक्रोवेव्हमध्ये माझाच डबा फिरत होता, आईच्या हातची भाकरी आणि लसणाचा ठेचा. मुंबईहून आलेला टीम लीड नाक दाबून ओरडला, "कोण रे हा घाटी?" मग नवख्यांसाठी त्यानं अर्थही सांगितला. घाट उतरून मुंबईत हमाली करायला आले ते घाटी, पुढे कुठलाही गावंढळ माणूस घाटी. सगळे हसले, तेही पुण्यात, घाटावरच बसून. माझे वडील त्या वेळी मार्केट यार्डात पोती उचलत असतील. मीही हसलो आणि म्हणालो, "सफाईवाल्या मावशींचा असेल." रोज टेबलं पुसणाऱ्या मावशींना प्रत्येकाचा डबा पाठ होता. तरी त्या "सॉरी सर" म्हणाल्या, डबा उचलला आणि मायक्रोवेव्ह पुसून काढला. संध्याकाळी तो भरलेला डबा त्यांनी गुपचूप माझ्या हातात दिला. "घरी जायच्या आधी खाऊन घ्या, साहेब," त्या म्हणाल्या, "आईला कळायला नको." आज कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बायको ठेचा कुटायला बसली, की मी उठून आधी खिडक्या लावून घेतो.