दगडी कौलं

मंगळवारी माझा नवरा गेला.

इंग्लंडच्या खेड्यांतल्या दगडी घरांवरचं त्याने वाचायला आणलेलं पुस्तक परत करायला मी इथल्या, जपानमधल्या ओजिमाच्या वाचनालयात गेले, तर एक जपानी आजोबा त्याच पुस्तकाची वाट पाहत होते. उघडताच त्यांना आतली खूण सापडली. ती दोन्ही हातांनी मला देत त्यांनी विचारलं, "इथवर वाचलंत?"

"माझ्या मिस्टरांनी. पुढचं राहिलं."

"अरेरे, पुढे तर छप्पर आहे!" त्यांचे हात हवेत कौलं रचू लागले. "कौलंही दगडाची! वळचणीला थोरली, आढ्याकडे धाकटी, अगदी वर एवढुशी!"

काउंटरवरच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. आजोबांनी वाकून माफी मागितली आणि कुजबुजत पुन्हा वळचणीपासून सुरुवात केली.

घरी फोटोसमोर बसून मीही तसंच छप्पर रचून दाखवलं.

पुस्तक आता आजोबांकडे आहे. खूण माझ्याकडे आहे.