साहेबासाठी मागून आणलेली खुर्ची

अन्याय झाला तो वलगावच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्यावर. माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी साडेतीनला, शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, मैदानात. ज्या साली पुढं पावसाळ्यात वऱ्हाडातल्या लोकांनी जंगलातलं गवत कापून कायदा मोडला, त्याच साली. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका साहेबानं त्याच क्षणी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं होतं. त्याला चहाची घाई होती.

तेव्हा मी पत्रकं लिहीत नव्हतो. तेव्हा मी दुसऱ्या एका तरुण साहेबाचा मुन्शी होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी शोधून काढल्यासारखं करायला नको.

आमचं घर अमरावतीतलं, भिक्षुकीचं. वडील लोकांच्या वतीनं देवाशी बोलतात. यजमान पाटावर बसतो, वडील म्हणतात त्यातलं त्याला काही कळत नाही, पण आपलं म्हणणं पोचलं असा त्याचा विश्वास असतो. मी चार बुकं इंग्रजी शिकलो आणि तोच धंदा दुसऱ्या देवापुढं मांडला. रेल्वे रुळाच्या पलीकडच्या एका प्रेसमध्ये, म्हणजे कापसाच्या गाठी बांधण्याच्या कारखान्यात, विलायतेहून एक तरुण इंजिनियर आला होता. त्याला मराठी शिकवायची आणि तो बाहेर पडला की बरोबर राहून दुभाष्याचं काम करायचं.

माणूस वाईट नव्हता. हे लिहिताना माझाच हात अडखळतो, कारण पत्रकात साहेब वाईटच असावा लागतो. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. बाप तिकडं जोडे शिवायचा. हिंदुस्थानात गेलं की आपण मोठे होतो असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. इथं त्याला बॉयलरच्या मागची खोली मिळाली. उन्हाळ्यात भिंतीला हात लावता येत नसे, हंगामात भुवयांवर कापसाचे तंतू. मोर्शीकडून कुणी संत्र्यांची टोपली पाठवली की तो धक्क्यावर पाय सोडून बसायचा आणि कोपरापर्यंत रस गळेस्तोवर खायचा.

"मुन्शी, तुला सांगू?" एकदा तो म्हणाला. "अकोल्याच्या क्लबात मला टेबलाशी बसवतात ते शेवटच्या खुर्चीवर. इंजिनाला तेल घालणारा म्हणतात मला. आईला मात्र मी लिहितो की इथं सगळे मला मान देतात."

"खोटं का लिहिता?"

"तिनं शेजारणीला सांगून टाकलंय."

त्या क्लबात मी व्हरांड्याच्या पुढं कधी गेलो नाही. मराठी माणूस आत गेलाच तर तो ताट घेऊन. पण व्हरांड्यातूनही पुष्कळ ऐकू येतं. विलायतेत ज्यांना कुणी दारात उभं केलं नसतं असे लोक इथं दुपारपासून पीत बसायचे. इथल्या उन्हाला शिव्या, इथल्या माणसांना शिव्या, आणि घरी परत जायची भीती. हे मला त्या तरुणानंच सांगितलं: "इथं सगळ्यांना परत जायचंय, पण जाऊन करणार काय? तिकडं यांना सलाम कोण करणार?"

पटाच्या दिवशी हे लोक अकोल्याहून मोटारीतून आले होते. सकाळी तळ्यावर बदकं मारली, दुपारी पट पाहायला आले. मोटारीत बंदुका, बाटल्या. पुढारी होता कापूस खरेदीचा मोठा साहेब. त्यानं एका बैलाच्या शिंगावर आपली टोपी अडकवली, बाकीचे खिदळले. लोक बघत होते. मीही बघत होतो.

तो बैल या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा. गौळाऊ जातीची पांढरीशुभ्र जोडी, परतवाड्याच्या बाजारातून गोऱ्हे असताना आणलेली. स्वतःच धुरकरी, म्हणजे छकडी हाकणाराही तोच. पहिली फेरी त्यानं जिंकली होती.

मोठा साहेब आमच्या इंजिनियरला म्हणाला, "काय रे, इंजिनं हाकतोस, ही हाकून दाखव."

इंजिनियर पुढं झाला. शेतकऱ्यानं कासरा सोडला नाही. मला म्हणाला, "मास्तर, सांगा त्याले. हे जोडी पराया हाताले मानत नाई. बसू नोको म्हना. बैलही मरन आन् तोही मरन."

मी काय सांगितलं? "जोडी जरा तेज आहे, असं म्हणतो." झालं. इतकंच. साहेबापुढं 'बसू नका' म्हणायला माझी जीभ वळली नाही. नकाराला मी पाणी घालून पातळ केलं आणि त्याचं आव्हान झालं. मोठा साहेब हसला. इंजिनियरचे कान लाल झाले. शेतकऱ्याला खांद्यानं बाजूला सारून तो छकडीवर चढला, पराणी उचलली आणि डाव्या बैलाच्या पुठ्ठ्यात खुपसली.

जोडी पटाच्या चाकोरीतून बाहेर गेली. शेजारच्या वावराच्या बांधावर डाव्याचा पुढचा पाय अडकला. मोडल्याचा आवाज मी ऐकला. साहेब उलटून मातीत पडला, उठला आणि मोठ्यानं हसला. जवळ गेलो तरी तो हसतच होता. हसू थांबवता येत नव्हतं त्याला.

शेतकरी बैलाची मान मांडीवर घेऊन बसला होता. उजवा बैल जुवाखालूनच त्याच्याकडे वळून पाहत होता. मोठा साहेब मोटारीतून बंदूक घेऊन आला आणि इंजिनियरच्या हातात दिली. "तू मोडलास, तूच संपव. दया म्हणतात याला." मग मला: "त्या माणसाला हलव."

मी वाकलो. म्हणालो, "काका, जरा बाजूले व्हा. साहेब पाहून राहिले त्याले. इलाज करतात."

घरात पुस्तकी बोलणारा मी, त्या क्षणी त्याच्या बोलीत बोललो. त्याला पटावं म्हणून.

तो उठला. माझ्याकडे पाहून हातही जोडले. चार पावलं मागं गेला आणि बार झाला.

आता तुम्ही म्हणाल, पाय मोडलेला बैल वाचला नसताच. नसेलही. पण आपल्या बैलाच्या मानेवर हात ठेवून बसायचा की नाही, हे त्याचं त्यानं ठरवायचं होतं. ते मी ठरवलं.

मैदानात हजार माणूस असेल. वकील होते, मास्तर होते, जमीनदार होते. कुणी हललं नाही. मोठ्या साहेबानं घड्याळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर शिकवणीला वही उघडून बसला. "तुमच्याकडे माफी कशी मागतात?"

"माझं चुकलं, म्हणायचं."

त्यानं इंग्रजी अक्षरात ते लिहून घेतलं. तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा अगदी साफ म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदाच मला वाटलं, आपण याला खरंच काही शिकवलं.

शेतकरी फौजदारीत जाईल या भीतीनं आठवड्याभरात मोठ्या साहेबानं त्याला अकोल्याला बोलावून घेतलं. बडनेऱ्याला गाडी बदलून इंजिनियर, शेतकरी आणि मी गेलो.  गाडीत शेतकरी एकदाच बोलला, "उजवा पेंड खाऊन नाई राह्यला."

क्लबाच्या व्हरांड्यात कागद तयार होता. बैलांच्या मालकानं खुशीनं जोडी साहेबाला हाकायला दिली, अपघात झाला, तक्रार नाही. नुकसानभरपाई देऊ केली, ती त्यानं ऐकूनही घेतली नाही.

"मले काईच नोको. पोळ्याच्या आदल्या दिशी आमी बैलाचे खांदे शेकतो. या साहेबानं माया घरी यावं, उजव्याच्या खांद्याले आपल्या हातानं लोनी लावावं, आन् म्हनावं का चुकलो. बस. मंग म्या अंगठा देतो."

अशी काही रीत नाही. खांदशेकणी आहे, लोणी-हळद लावून बैलाला 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणणं आहे. पण बाहेरच्या माणसानं येऊन माफी मागावी, हे त्या म्हाताऱ्यानं स्वतः रचलं होतं. रात्ररात्र जागून रचलं असणार.

मी भाषांतर केलं: "साहेबांनी खेद व्यक्त करावा अशी याची विनंती आहे."

इंजिनियरनं माझ्याकडे चमकून पाहिलं. तेवढं मराठी त्याला कळत होतं. त्यानं तोंड उघडलं. मोठ्या साहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, नुसता ठेवला, आणि मला म्हणाला, "सांग त्याला, आपल्यातला एक वाकला की उद्या सगळ्यांना वाकावं लागेल." मग स्वतःच हसून, "नको, हे नको सांगू. काहीतरी बरं सांग."

इंजिनियरनं तोंड मिटलं. आणि मी बरं सांगितलं. "काका, साहेब येतो म्हणतात पोळ्याला."

त्यानं अंगठा दिला. निघताना इंजिनियरला रामराम केला. त्यानं उलट केला नाही; तो स्वतःच्या पायांतल्या जोड्यांकडे पाहत होता.

महिन्याभरात इंजिनियरची बदली झाली, कुठं ते मला कळलं नाही. जाण्याआधी एवढंच बोलला: "इथं येऊन मी सभ्य गृहस्थ होईन असं वाटलं होतं. यांच्यासारखा वागेन तोवरच मी इथं गृहस्थ आहे." मला त्याची कीव आली आणि रागही आला. स्वतःची कीव करायला त्याच्याजवळ वेळ होता. म्हाताऱ्याकडे एक बैल होता.

चैत्रात मी नोकरी सोडली आणि चळवळीत गेलो. पत्रकं लिहिली, वाटली, साहेबांच्या जुलमावर खेडोपाडी बोललो. फार चांगलं बोलायचो. श्रावणात गवत कापायला माणसं जमवत हिंडताना ते खेडं वाटेत आलं. कोणता दिवस आहे, हे माझ्या ध्यानात नव्हतं. हे खोटं वाटेल. ब्राह्मणाच्या घरात पोळा मातीच्या बैलांचा असतो.

दिवे लागायच्या आधीची वेळ. अंगणात उजवा बैल धुऊन बांधलेला. वाटीत लोणी, पळसाच्या पानावर हळद. आणि मधोमध एक खुर्ची. हात असलेली, पाठीला वेत विणलेली. त्या घरात खुर्ची कुठून असणार?

त्याची म्हातारी उठून उभी राहिली. "आले का जी? एकलेच?" तिनं माझ्या मागं रस्त्यावर पाहिलं. "साहेब मोटारीतच बसले काय?"

"शाळेतून आनली," म्हातारा खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाला. "हेडमास्तर देत नव्हता. म्हने, तुया घरी कोन साहेब येते बे? म्हनलं, पाहाले ये."

हेडमास्तर आला होता. अर्धं गाव आलं होतं, कुडाला टेकून उभं होतं.

मी सांगितलं. सगळं. 'बसू नको' सांगितलं नव्हतं ते, 'इलाज' म्हटलं ते, 'येतो म्हणतात' ते. कुडापाशी कुणीतरी हसलं. "पाहा बापा, साहेब आला!"

म्हाताऱ्यानं एकच विचारलं. "मले बाजूले व्हा म्हनलं तेवा तुमाले मालूम होतं?"

"होतं."

त्यानं लोण्याच्या वाटीकडे पाहिलं. लोणी पाघळलं होतं. मग म्हणाला, "मंग तुमीच बसा खुर्चीवर."

मी बसलो नाही.  म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि वाटी उचलून बैलाच्या खांद्याला स्वतःच लोणी लावलं.

निघताना तो वेशीपर्यंत आला. "तुमचं पत्रक मले नोको, मास्तर. म्या बैल खुशीनं साहेबाले देल्ला असं त्या कागदावर हाय. गावातलेबी आता तेच म्हंते. म्हंते, यानं साहेबाच्या हौसेपायी बैल मारला. तुमी माया अंगठा वापस आना."

हेच आता उरलं आहे. तो कागद खोटा आहे हे ठरवायचं तर साक्षी लागतात. माझी एकट्याची साक्ष चालत नाही. मी चळवळीतला, शिवाय त्याच साहेबांचा जुना नोकर. म्हणून गेले वर्षभर मी दारोदार फिरतो आहे. एक वकीलसाहेब म्हणाले, "अहो, बैलच ना?" एक मास्तर म्हणाले, "आम्ही लांब उभे होतो." एका जमीनदारांनी चहा दिला आणि हवापाण्याचं बोलले. त्यांच्यावर ओरडावंसं वाटतं. पण त्यांचं बोलणं मला ओळखीचं आहे. मीही असंच मऊ बोलत होतो.

यंदाचा पोळा पंधरा दिवसांवर आला आहे. खुर्ची शाळेत परत गेली आहे. हेडमास्तर अजून पोरांना ती दाखवून हसतात.

तुम्ही त्या मैदानात होतात. बाभळीखाली, स्वच्छ धोतर नेसून, आणि बार झाल्यावर कानावर हात ठेवून उभे होतात. मी तुम्हाला पाहिलं आहे. मी काय बोललो ते तुम्ही ऐकलं, बार ऐकला, मोठ्या साहेबानं घड्याळ पाहिलेलं पाहिलं. खेद व्यक्त करू नका. पोळ्याच्या आत माझ्याबरोबर कचेरीत चला, आणि म्हाताऱ्यानं 'बसू नोको' म्हटलं होतं हे, त्यातला एक शब्दही मऊ न करता, सांगा.