विहीणबाईंना घडवलेलं दर्शन

ही फजिती मीच सांगून टाकते बाई, नाहीतर विहीणबाईंच्या शिरढोणहून तिखटमीठ लागून तुमच्यापर्यंत येईल!

झालं काय, की आमच्या मंदारचं लग्न जमेना, तेव्हा मी देवीला बोलले होते, ‘याचं जमू दे, मी अख्खा चातुर्मास टीव्हीचा पडदा बघणार नाही.’ देवी पावली. सोन्यासारखी सून आली, प्राजक्ता. आणि लगोलग आषाढी एकादशीही आली! मग काय, बसले टीव्हीकडे पाठ करून, लक्षवातीच्या वाती वळत.

आता ‘बघणार नाही’ असं मी बोलले होते. ‘ऐकणार नाही’ असं कुठे बोलले होते? देवीला सगळं कळतं हो.

दुपारी आमचे हे जादूचे सिनेमे लावतात. उडते गालिचे, बोलणारी झाडं, राजकन्या. मी पाठमोरी, हातात कापूस, कान मागे. खरं सांगू? असा सिनेमा फार सुंदर दिसतो. राजकन्येला आपल्या आवडीचं लुगडं नेसवता येतं!

त्यातच शिरढोणला विहीणबाईंचा पाय मोडला. प्लास्टर. प्राजक्ता आईच्या सेवेला गेली. माझ्या मनात मात्र दुसरीच धाकधूक होती. लग्नात मानाच्या साडीवरून विहीणबाई जरा खट्टू झाल्या होत्या. तेव्हापासून बोलणं ‘बरं आहे’, ‘ठीक आहे’ एवढंच. कार्तिकात माझ्या व्रताचं उद्यापन. त्याला त्या आल्या नाहीत, तर सुनेनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

म्हणून मी आपला फोन केला. “विहीणबाई, पडून पडून कंटाळला असाल. एक जादूचा सिनेमा सांगते, प्राजक्ताला लावून द्यायला सांगा.”

पहिला आवडला. दुसरा इतका आवडला, की त्यांचाच फोन आला. “ताई, आनि एक सांगा ना!”

ताई! विहीणबाईंची मी ताई झाले! मी देवापुढे साखर ठेवली आणि तिसरा सिनेमा सांगितला. “यात रानात हरवलेली एक मुलगी आहे आणि गुहेतली एक आजी. काय मायाळू बाई! पांढरीशुभ्र नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ, तोंडावर नुसतं तेज. आवाज ऐकाल तर माहेर आठवेल.”

आवाज तेवढा खरा होता. नऊवारी, माळ आणि तेज मी पदरचं घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन.

“ताई! ती आली वो!”

“कोण?”

“तुमची आजी! गुहेतली!”

“आली ना? मायाळू आहे ना?”

“काय मायालू! चार हात हायत वो तिला!”

मी वात खाली ठेवली. चार हात? म्हणजे आजीच्या रूपात साक्षात देवी! आणि मला आवाजावरून कळू नये?

“अहो विहीणबाई, भाग्यवान आहात!”

“डोले हे मोठाले! पापनी लवत नाय!”

“देवांची लवतच नाही!”

“जीभ बाहेर काढलीय, हातभर!”

“कालीमाता!” माझ्या अंगावर काटाच आला.

“ताई, मी एकटी हाय घरात. प्राजू औषध आनायला गेलीय, रिमोट पलंगाखाली परलाय, पाय हालवता येत नाय. काय करू?”

“काही करू नका! हात जोडा आणि तिच्यावरची नजर अजिबात काढू नका!”

पलीकडून अशी किंकाळी आली म्हणता! मग काहीतरी पडलं आणि फोन बंद.

तुम्ही काय केलं असतं? घाबरला असता. मी नाही घाबरले. भक्तांना दर्शन सोसत नाही, हे मी पोथीत कितीदा वाचलंय! मी खण, नारळ, तांदूळ घेतले, ह्यांना झोपेतून उठवलं आणि गाडीत बसवलं. पळस्प्याला ट्रॅफिक लागला, तिथे मी स्तोत्र म्हटलं.

शिरढोणला पोहोचलो, तर प्राजक्ता दारातच. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “आई, तुम्ही हा सिनेमा बघितला होता?”

“माझं व्रत आहे ना गं. ऐकला होता.”

तिनं कपाळाला हात लावला. “ती आजी म्हणजे पाल आहे, आई. डोंगराएवढी पाल! आणि आमच्या आईला पालीची इतकी भीती, की ती नावसुद्धा घेत नाही. म्हणते, नाव घेतलं की येते.”

माझ्या हातात खण-नारळाचं ताट. धरणीमाते, पोटात घे!

आत पलंगावर गोधडीचा ढीग. मी जवळ जाऊन म्हटलं, “विहीणबाई, चुकले हो मी.”

गोधडीतून एक डोळा बाहेर आला. त्यानं मला बघितलं, मग ताट बघितलं.

“ही वटी कुनाची? तिची का?”

आता खोटं कसं बोलू? “हो.”

गोधडी हलायला लागली. मला वाटलं, रडतायत. बघते तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी! “प्राजू, तुजी सासू पालीची वटी भराया आली गो!” आणि स्वतःच ते नाव घेतलंन्, म्हणून दचकून परत गोधडीत!

ती ओटी मी त्यांचीच भरली. नारळ हातात घेत म्हणाल्या, “उद्यापनाला मी येनार. लंगडत आले तरी येनार.” मला भरूनच आलं.

एवढ्यावर संपलं असतं, तर माझी थोडी तरी अब्रू राहिली असती. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन.

“ताई, त्या पोरीचं शेवटाला काय झालं वो? प्राजूनं मदीच बंद केला.”

“ते… मला नाही माहीत. वाती संपल्या म्हणून मी मधेच उठले होते.”

“म्हंजे बगितला नाय, आनि आयकला तो पन अर्धाच?”

“हो.”

“मंग दाजींना इचारा, ते तर समोर बसलेले.”

ह्यांना विचारलं. हे म्हणाले, “तू ऐकत होतीस ना, म्हणून मी जरा डोळा लावला.”

मी ते तसंच्या तसं फोनवर सांगितलं.

“म्हंजे ताई, दोन्ही घरांत मिलून तो सिनेमा बगितलेली मी एकटीच?”